वारशाने आलेले दात

इतरांना वारशात जमीन मिळते, दागिने मिळतात, गेला बाजार बापाचं नाक तरी मिळतं. दातांच्या कॉलेजात, वेडेवाकडे दात ओळीत आणायच्या विभागात, वारशात जिवंत माणसं मिळतात. कारण साधं आहे. इथे शिकायला आलेला डॉक्टर तीन वर्षांनी पास होऊन निघून जातो, आणि दात काही कुणाच्या परीक्षेचं वेळापत्रक बघून हलत नाहीत. मग जाणारा आपले अर्धेमुर्धे पेशंट मागून येणाऱ्याच्या गळ्यात घालतो. फाइल, प्लास्टरच्या दातांचा डबा आणि वर एक वाक्य, "फार गुणी पेशंट आहे हं, काही त्रास नाही." हे वाक्य सगळ्याच पेशंटांबद्दल म्हणतात, त्यामुळे त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

चिमटीला चष्मेवाली अशीच मिळाली.

चिमटी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. अंगाने काडी, आणि एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून पहिल्याच वर्षी सीनिअर मंडळींनी हे नाव ठेवलं. ते असं चिकटलं की विभागाचा शिपाईसुद्धा "चिमटी मॅडम" म्हणायला लागला. चष्मेवाली मात्र खरोखरच चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमी चढवायच्या, मान तिरपी करून बघायचं, आणि कुणालाही न दुखवता "ही जरा तुम्हाला मोठी होते" असं सांगायचं, हे तिचं काम. तिच्या वरच्या दातांवर तारा चढल्या तेव्हा ती नोकरीला नवी होती. त्यानंतर दुकानाचा मालक बदलला, पाटी बदलली, तिचा पगारही दोनदा वाढला. तारा तशाच होत्या.

तिची तक्रार म्हटली तर साधी. वरचे पटाशीचे दात पुढे आलेले, ओठ मिटायचे नाहीत. दोन्ही बाजूंची एकेक दाढ काढून त्या जागेत पुढचे दात मागे न्यायचे, असा बेत ठरला होता. दाढा काढल्या, दात मागे गेले, आणि ते मागे नेणारा डॉक्टर पास होऊन निघून गेला. दुसरीला वाटलं, दात फार आत कलले. तिने सगळं उकलून पुन्हा बारीक तारेपासून सुरुवात केली आणि दात थोडे पुढे आणले. तिसऱ्याला वाटलं, वरची मधली रेघ नाकाच्या रेघेशी जुळत नाही. त्याने सगळे दात एका बाजूला सरकवले. आता दोन्ही बाजूंच्या सुळ्यांच्या पुढे एकेक फट उरली होती, हसली की दिसेल अशी. पण चष्मेवाली हसायची ती तोंडावर हात ठेवून, त्यामुळे त्या फटी डॉक्टरांखेरीज कुणी पाहिल्या नव्हत्या.

नवं सत्र सुरू झालं की ती विभागाच्या दारात उभी राहायची, खुर्च्यांच्या रांगेवरून नजर फिरवायची आणि विचारायची, "आता कोण?" या प्रश्नात राग नसायचा. रेशनच्या रांगेत खिडकी बदलली की माणूस विचारतो ना, तसा तो असायचा.

दीड वर्षापूर्वी चिमटीने हात वर केला होता. "मी."

"किती दिवस लागतील?"

"यंदा संपवून टाकू, ताई."

"बरं," चष्मेवाली म्हणाली होती आणि खुर्चीत बसली होती. आधीच्या तिघांनीही हेच सांगितलं होतं, पण ते बोलून दाखवण्याइतकी ती आडमुठी नव्हती.

चिमटीने पहिल्या दिवशी काय केलं? जे आधीच्या तिघांनी केलं तेच. तिने जुने ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातांवर चिकटवलेले चौकोनी तुकडे, काढले आणि आपले नवे चिकटवले. दुसऱ्याने चिकटवलेले ब्रॅकेट कुणाला कधी पटतच नाहीत. एक तिरका वाटतो, एक वर वाटतो, आणि आपल्या हातून सरळ लागेल याची खात्री असते. शिवाय शिकायचं असतं. अर्ध्यातून घेतलं तर सुरुवात कधी शिकणार? म्हणून पुन्हा बारीक तार, पुन्हा ओळ, पुन्हा जाड तार. विभागात सगळे असंच करत आले होते, आणि वर्षानुवर्षं सगळे करतात त्या गोष्टीकडे कुणी डोळे उघडून बघत नाही.

घरी मात्र कुणालाच ती नक्की काय शिकते हे कळलेलं नव्हतं. आत्याने पाच वर्षं लोकांना सांगितलं, आमची दातांची डॉक्टर होतेय. झाली. तर ही म्हणते, आता आणखी तीन वर्षं.

"दात काढायलाच पाच वर्षं लागली, आता आणखी काय राहिलं?" आत्याने विचारलं होतं.

"काढायचे नाहीत गं, रांगेत उभे करायचे."

"त्याला तीन वर्षं? अगं, शाळेतले मास्तर घंटा वाजली की अख्खी शाळा रांगेत उभी करतात."

आत्याला कोण सांगणार, की पहिले काही महिने त्यांना पेशंटला हातसुद्धा लावू देत नाहीत. रिळावरची वेटोळी तार द्यायची आणि सांगायचं, नुसत्या बोटांनी सरळ कर. टेबलावर ठेवली की तिच्याखालून कुठेही उजेड दिसता कामा नये. मग त्याच तारेचे चौकोन, वळणं, बारीक फास. चिमटीच्या बोटांच्या पेरांना भोकं पडली होती, आणि जेवताना मीठ लागलं की ती हात झटकायची. पक्कडी स्वतःच्या पैशाने घ्याव्या लागायच्या, आणि एकेका पक्कडीची किंमत ऐकून बाबांनी ती उलटीसुलटी करून बघितली होती. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. "हिच्यात आहे काय एवढं?" ते म्हणाले होते, आणि मग जोड तपासून गप्प झाले होते. विद्यावेतन मिळायचं ते असंच पक्कडीत नि पुस्तकांत जिरायचं. वर्गातल्या मुली पाच वर्षांनी दवाखाने थाटून बसल्या होत्या. ही तिशीला टेकली तरी घरून डबा घेऊन निघायची.

पण आता शेवट दिसायला लागला होता. दोन खुर्च्यांच्या एका दवाखान्याने तिला शब्द दिला होता. ठरलेला पगार, शिवाय प्रत्येक पेशंटमागे वाटा. अट एकच, पदवी हातात हवी. तो आकडा तिने घरी सांगितला तेव्हा आईने तो पुन्हा विचारला, बाबांनी रेडिओ बंद केला, आणि आत्या म्हणाली, "म्हणजे रांगेत उभं करण्यातच पैसा आहे तर!" त्या दिवसापासून घरात "चिमटीची नोकरी लागली की" या शब्दांनी वाक्यं सुरू व्हायला लागली. घराला रंग, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्या वाक्याच्या पुढे उभं होतं.

परीक्षेला एक पूर्ण झालेली केस दाखवावी लागते. पेशंटला घेऊनच उभं राहायचं. दात आपल्या देखरेखीखाली ओळीत आलेले, फटी बंद, फोटो, एक्स-रे, प्लास्टरचे साचे सगळं मांडलेलं. चिमटीच्या तीन केस तयार होत होत्या. त्यातल्या एकाचं कुटुंब बदली होऊन दूरगावी गेलं. दुसरा कॉलेजकुमार. त्याला दातांना लावायचे रबर दिले, तर तो त्यांनी वर्गात कागदाच्या गोळ्या मारायचा, त्यामुळे त्याचे दात होते तिथेच होते. उरली चष्मेवाली. दोन बाजूंना दोन फटी, प्रत्येकी जेमतेम दोन मिलिमीटर. रबराची साखळी ओढून लावली तर महिन्याभरात बंद होणार. भिजत पडलेलं घोंगडं एकदाचं वाळणार होतं.

शेवटच्या टप्प्याचा एक्स-रे परीक्षेला लागतो, म्हणून चिमटीने तो काढून घेतला. लागत नसता तर तिनेही काढला नसता. हे तिने नंतर स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं.

उजेडाच्या पेटीवर तिने फिल्म लावली. पटाशीच्या चारही दातांची मुळं आखूड झाली होती. निमुळती टोकं असायला हवीत तिथे बोथट, झिजलेल्या पेन्सिलीसारखी. दोन दातांची तर जवळजवळ निम्मी. दात पुढे न्या, मागे न्या, बाजूला न्या, पुन्हा पुढे न्या, असं वर्षानुवर्षं केलं की कधीकधी शरीर मुळंच खाऊन टाकतं. हे पुस्तकात असतं. चिमटीने त्यावर परीक्षेत उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते.

तिने फाइल चाळली. आधीचा एक्स-रे अगदी सुरुवातीचा, सुंदर लांब मुळांचा. मधल्या काळात कुणी काढलाच नव्हता. प्रत्येकाला वाटलं होतं, आधीच्याने काढला असेल. तिलाही तसंच वाटलं होतं.

शेजारच्या खुर्चीवर तिच्या वर्गातला बोका बसून चहा पीत होता. त्याला बोका म्हणायचे, कारण कुठेही टाकला तरी तो चार पायांवर उतरायचा. त्याने फिल्मकडे बघितलं आणि शीळ घातली.

"वाईट आहे," तो म्हणाला. "पण आहे तशी लाव. परीक्षक फटी बघतात गं, मुळं कोण बघतंय? आणि बघितलीच तर सांग, वारशाने आलेली केस आहे. खरंच तर आहे."

"आणि साखळी?"

"लाव की. दोन मिलिमीटर तर आहे! परीक्षा झाली की तारा काढून टाक. बाई खूश, परीक्षक खूश, तुझा दवाखानावाला खूश."

बोका वाईट मुलगा नव्हता. आपल्या डब्यातलं निम्मं तो रोज शिपायाला द्यायचा. म्हणून तर त्याचं बोलणं चिमटीच्या डोक्यातून जाईना. वाईट माणसाने सांगितलं असतं तर झटकता आलं असतं.

ती फिल्म घेऊन सरांकडे गेली. विभागप्रमुख सर निवृत्तीला आले होते. त्यांनी फिल्म खिडकीसमोर धरली ती बराच वेळ खाली केली नाही.

"थांबलं पाहिजे," ते म्हणाले. "जोर काढला की मुळांचं झिजणं थांबतं. चार-सहा महिने विश्रांती, मग पुन्हा एक्स-रे. मग बघायचं."

"सर, परीक्षा तीन महिन्यांवर आहे. माझ्याकडे दुसरी केस नाही."

"ते मला माहीत आहे."

"आणि साखळी लावली तर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "फट बंद होईल. मुळं आणखी थोडी जातील. कदाचित काहीच होणार नाही, बाई जन्मभर त्याच दातांनी जेवेल. कदाचित चाळिशीत दात हलायला लागतील. तेव्हा मी असेन नसेन. तू कुठेतरी मोठी डॉक्टर असशील." त्यांनी चष्मा परत चढवला. "पूर्ण केस नसेल तर तुझ्या परीक्षेच्या अर्जावर मला सही करता येणार नाही. तो नियम आहे. बाकी, साखळी लाव असंही मी सांगणार नाही आणि लावू नको असंही. केस तुझी आहे."

वा! चौघांच्या चारही बेतांवर सह्या सरांच्या, आणि आता केस चिमटीची. ती उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून सर म्हणाले, "माझी नजर चुकली, पोरी. चारही वेळा." त्यांचा आवाज इतका पडलेला होता, की तिच्या मनात भरून आलेला राग तिथेच अडकला आणि तिला तो धड काढताही येईना.

चष्मेवाली ठरल्या वेळी आली. चष्मा काढून ट्रेमध्ये ठेवला, बॅग खुर्चीच्या पायाशी ठेवली. चिमटीने तिला फिल्म दाखवली. पहिली आणि आताची, शेजारी शेजारी. जमेल तितकं साधं करून सांगितलं. बाजूच्या खुर्चीवरचा पेशंट चुळा भरत होता, नळाचा आवाज येत होता, आणि चष्मेवाली पुढे वाकून दोन्ही फिल्म बघत होती.

"म्हणजे दात पडणार?"

"आता नाही. पण आणखी ओढले तर पुढेमागे हलू शकतात."

"आणि नाही ओढले तर फट राहणार."

"सध्या तरी. थांबून मग बघू."

"किती थांबायचं?"

"चार-सहा महिने."

चष्मेवाली मागे रेलली आणि वरच्या दिव्याकडे बघत बोलायला लागली. "डॉक्टर, मी दिवसभर आरशापाशी उभी असते. फ्रेम घातली की पहिलं काय करतं माणूस? आरशात बघून हसतं. म्हातारी माणसंसुद्धा. मग माझ्याकडे बघतात, मीही हसावं म्हणून. मी मान वळवते, डबी शोधल्यासारखं करते. लोकांना वाटतं, बाई घमेंडखोर आहे. माझ्या भाच्याच्या वाढदिवसाच्या सगळ्या फोटोंत मी तोंड मिटून उभी आहे, त्याच्यावर रुसल्यासारखी. एवढी वर्षं खाल्लं ते दुखऱ्या दातांनी, कणीस म्हणून दाताला लावलं नाही. आणि आता महिन्याभराचं काम राहिलंय तर थांबायचं? मुळं कोण बघतंय? लावा साखळी."

"ताई, पण..."

"माझं तोंड आहे ना? मी सांगतेय. कागदावर लिहून देते हवं तर."

यापुढे चिमटीने काय बोलावं? पेशंटला समजावून सांगितलं, पेशंट हो म्हणते. सरांनी नाही म्हटलेलं नाही. परीक्षा, नोकरी, बाबांचे डोळे, सगळ्यांचं एकमत होतं. आयुष्यात इतकं एकमत तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने रबराच्या साखळीचं रीळ उचललं, मोजून तुकडा कापला, आणि उजव्या बाजूला मागच्या दाढेच्या आकड्यात एक टोक अडकवलं. साखळी ताणत ताणत तिने पुढच्या दातांपर्यंत आणली. हात सफाईने चालत होता. एवढ्या वर्षांचं शिक्षण हातात होतं, ते काही रुसून बसलं नव्हतं.

साखळी अडकवण्याआधी दाताला बोट लावून बघायची तिला सवय होती. पहिल्या वर्षीच सरांनी लावलेली. तिने पटाशीच्या दातावर बोटाचं टोक टेकवलं आणि हलकेच दाबलं.

दात हलला. थोडासाच. सैल झालेलं शर्टाचं बटण अंगठ्याखाली हलावं, एवढाच. चष्मेवालीला ते कळलंही नसेल. पण चिमटीच्या बोटाला कळलं, आणि फिल्म बघून जे झालं नव्हतं ते आता झालं. तिला भीती वाटली. स्वतःची नव्हे, परीक्षेची नव्हे, या बाईच्या दाताची. पाटावर बसलेल्या लहान मुलाच्या हातून भरलं ताट निसटताना दिसावं, तशी.

तिने चिमट्याने साखळी परत काढली. मग ओढणारी जाड तार काढली, आणि दात नुसते आहेत तिथे धरून ठेवणारी, कुठेही जोर न लावणारी तार वाकवून बसवली. तिला त्या तारेला वेळ लागला, कारण मध्येच तिचे डोळे भरून येत होते आणि मास्कमुळे पुसता येत नव्हते.

"झालं?" चष्मेवालीने जिभेने चाचपून बघितलं. "साखळी कुठाय?"

"नाही लावली, ताई."

"का?"

"लावणार नाही. तुम्ही लिहून दिलंत तरी. तुमच्या दातांचं हे आम्ही केलंय. आधीच्या तिघांनी आणि मी. प्रत्येकाने पहिल्यापासून सुरू केलं. मी तर सगळ्यात शेवटी आले, मला आधी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

चष्मेवाली उठून बसली. ट्रेमधला चष्मा चढवून तिने चिमटीकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघते तसं, मान तिरपी करून.

"म्हणजे तुम्ही चौघंही माझ्या तोंडात शिकलात," ती म्हणाली.

"हो."

"आणि आता तुमचं शिकून झालं, म्हणून थांबायचं."

चिमटीला सांगायचं होतं की तसं नाही, उलट शिकून व्हायचंच राहिलं. पण ते सांगणं म्हणजे आपल्या नुकसानीचं ओझं त्या बाईच्या डोक्यावर ठेवणं झालं असतं. तिने दिवा बाजूला सारला. चष्मेवालीने बॅग उचलली. एरवी ती पुढची तारीख विचारल्याशिवाय जायची नाही. त्या दिवशी विचारली नाही.

घरी सांगणं त्याहून कठीण गेलं. जेवणं चालली होती. ती म्हणाली, मी यंदा परीक्षेला बसणार नाही. आई म्हणाली, आजारी आहेस का? बाबा म्हणाले, काही चुकलं का? चिमटीने सगळं सांगितलं, मुळांपासून. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"आणि त्या दवाखान्याचं?"

"ते दुसरी बघतील. सहा महिने कोण थांबणार?"

आईने जेवणाची भांडी नेहमीपेक्षा जोरात आवरली. ती रागावली होती आणि तिला तो हक्क होता. "एका बाईच्या दोन दातांसाठी," ती आतून म्हणाली, आणि नळ सोडला. आत्याने नेहमीप्रमाणे काहीतरी मिश्किल बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "चार दात ना गं? चार म्हणालीस." चिमटीला त्यावर हसूही आलं आणि रडूही.

बाबांनी शाबासकी दिली नाही, ठपकाही ठेवला नाही. रंगाच्या दुकानातून आणलेला नमुन्यांचा कागद भिंतीवर डकवलेला होता, तो त्यांनी काढला आणि घडी करून कपाटात ठेवला. चिमटीला ते फार लागलं.

पुढचे महिने तिने कसे काढले, तीच जाणे. बोका पास झाला, पेढेही देऊन गेला. जाताना त्याच्या अर्ध्यामुर्ध्या पेशंटांच्या फाइली त्याने तिच्या टेबलावर ठेवल्या. "फार गुणी पेशंट आहेत हं," तो सवयीने म्हणाला आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ओशाळला. चिमटीने त्याच दिवशी त्यातल्या प्रत्येक पेशंटला फोन करून एक्स-रे काढायला बोलावलं, आणि कुणाचाही ब्रॅकेट काढला नाही. एक-दोन तिरके होते. तिने ते डोळ्यांआड केले आणि तारेत बारीक वळण घालून भागवलं. तिला ते जड गेलं, पण तिने केलं.

चष्मेवाली मात्र फिरकली नाही. दोनदा फोन लावला, वाजून बंद झाला. एकदा चिमटी तिच्या दुकानापर्यंत जाऊन आली. काचेतून ती दिसली, एका आजोबांच्या कानामागे काडी बसवत होती. चिमटी आत गेली नाही. काय म्हणून जाणार? दात धरून ठेवणारी ती तार जागेवर असेल ना, की चिडून कुठेतरी काढून घेतली असेल, एवढंच तिच्या मनात येत होतं.

नवं सत्र सुरू झालं. विभागात नव्या मुलांची गडबड उडाली. एका टेबलावर तिघं-चौघं रिळावरच्या तारा घेऊन बसले होते आणि बोटं चोखत होते. चिमटी त्यांना तार कशी धरायची ते दाखवत होती. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिल्याची चाहूल लागली.

चष्मेवाली होती. खुर्च्यांच्या रांगेवरून तिची नजर सवयीने फिरत गेली. एकेक नवा चेहरा बघत ती शेवटच्या खुर्चीपर्यंत आली, कंटाळून परत पहिल्या खुर्चीकडे वळली आणि कुणाकडेही न बघता तिने विचारलं, "आता कोण?"

नव्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. चिमटी टेबलामागून उठली.

"मीच," ती म्हणाली.

चष्मेवाली बघत राहिली. "तुम्ही गेला नाहीत? तुमचा वर्ग गेला ना?"

"गेला."

"मग तुम्ही?"

"माझी परीक्षेची केस पूर्ण झाली नव्हती," चिमटी म्हणाली.

बाईला हिशेब लागायला वेळ लागला. लागला तेव्हा तिने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. मागे कुणाच्या तरी हातून पक्कड फरशीवर पडली.

"त्या दिवशी सांगायचं नाही का?" चष्मेवाली म्हणाली.

चिमटीने जागा दाखवली, दिवा ओढून घेतला, आणि हात धुवायला गेली. पाण्याखाली हात धरून तिने स्वतःला सांगितलं, आधी बोट लावून बघायचं, मग एक्स-रे, मग बोलायचं. फट तशीच राहील कदाचित. दाताच्या रंगाचं साहित्य कडेला लावूनही ती झाकता येते. ते ताईंना विचारू, त्या म्हणतील तसं.

ती परत आली तेव्हा चष्मेवालीने चष्मा काढून ट्रेमध्ये ठेवला होता, बॅग खुर्चीच्या पायाशी ठेवली होती. ती मागे रेलली, आणि कुणी सांगायच्या आत तिने तोंड उघडलं.